सम्राटाची शुद्धलेखनाची चूक

वेलांटीराव इमारतीचे मानद सचिव झाले ते काही कर्तबगारीवर नव्हे. वार्षिक सभेत "यंदा सचिव कोण?" असा प्रश्न आला तेव्हा सगळे सभासद आपापल्या चपलांकडे बघत होते आणि वेलांटीराव एकटेच वर बघत होते. वर बघायचं कारण एवढंच, की सूचनाफलकावर 'उपस्थिती'मधली पहिली वेलांटी दीर्घ पडली होती आणि ती त्यांना डोळ्यात गेलेल्या केसासारखी सलत होती. अध्यक्षांना वाटलं, माणूस इच्छुक आहे. टाळ्या वाजल्या. वेलांटीराव उठून म्हणाले, "मला फक्त एक दुरुस्ती सुचवायची होती." त्यावर आणखी टाळ्या वाजल्या, कारण इमारतीला दुरुस्त्यांची फारच गरज होती.

वेलांटीराव सरकारी छापखान्यात मुद्रितशोधक होते. सरकार जे काही छापून जनतेला बजावतं, त्यातल्या चुका जनतेच्या आधी बघायच्या, हे त्यांचं काम. त्यांचं खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. ते लग्नपत्रिका हातात आली की वधूवरांची नावं वाचण्याआधी त्यातली ऱ्हस्वदीर्घं तपासत. त्यामुळे त्यांना बोलावणी येत, पण छापील पत्रिका येत नसत. लोक तोंडी सांगून मोकळे होत.

सचिवपदाची खुर्ची अजून गरम व्हायची होती, तोच इमारतीचं ड्रेनेज तुंबलं. ते तुंबलं म्हणजे अगदी मनापासून तुंबलं. तळमजल्यावर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे रोगी गुळणी करून बेसिनमध्ये थुंकायचा आणि थोड्या वेळानं ती गुळणी, बरोबर वरच्या मजल्यावरचं काय काय घेऊन, परत यायची.

"सेक्रेटरीसाहेब, माझे पेशंट तोंड उघडायलाच तयार नाहीत," डॉक्टर म्हणाले. "दाताच्या डॉक्टरपुढे पेशंटनं तोंड मिटलं, तर मी करायचं काय?"

प्लंबरला बोलावलं. हा प्लंबर असा, की कुठल्याही बिघाडाकडे आधी कमरेवर हात ठेवून बराच वेळ बघायचा आणि मग म्हणायचा, "हे आधीच्यानं बिघडवून ठेवलंय." आधीचाही तोच होता. त्यानं मागच्या अंगणात खड्डा खणायला घेतला. खड्डा चांगला कमरेएवढा झाल्यावर लक्षात आलं, की पाइप पलीकडून गेलाय. मग त्यानं खड्डा आडवा वाढवला. वेलांटीराव रजा टाकून काठावर उभे होते. सचिवानं देखरेख करायची असते असं त्यांनी नियमावलीत वाचलं होतं. देखरेख म्हणजे नेमकं काय, ते नियमावलीत नव्हतं, म्हणून ते अधूनमधून "हं" म्हणत होते.

असंच एकदा "हं" म्हणत असताना त्यांना फावड्यावरच्या मातीत काहीतरी गोल, हिरवट दिसलं.

"थांब. ते काय आहे?"

"बटण असंल," प्लंबर म्हणाला आणि झटकून टाकायला लागला.

"बटणावर अक्षरं नसतात," वेलांटीराव म्हणाले आणि गुडघ्याएवढ्या चिखलात उतरले. अक्षर दिसलं की या माणसाचं भान सुटतं हे इमारतीला माहीत होतं, पण विजारीचंही भान सुटतं हे तेव्हा कळलं.

घरी गेल्यावर बायकोनं त्यांना दारातच उभं केलं.

"अहो, काय हा अवतार! पाणी नाही, ड्रेनेज नाही, आणि तुम्ही चिखलात लोळून आलात?"

"हे बघ तरी. नाणं आहे!"

"कुठल्या काळातलं?"

"ते धुतल्यावर कळेल."

"आधी तुम्हाला धुवायला हवंय. कुठे धुऊ ते सांगा."

प्रश्न रास्त होता. न्हाणीघरात ओतलेलं पाणी न्हाणीघरातच मुक्कामाला राहत होतं. शेवटी वेलांटीरावांनी अंगणातच पाय धुतले आणि नाणं मात्र बायकोचा भाजी धुवायचा वाडगा घेऊन, गरम पाण्यात भिजत घातलं. मग दात घासायचा एक मऊ ब्रश घेऊन बसले. एका बाजूला डोक्याला पट्टी बांधलेला, लांब नाकाचा माणूस वर आला. दुसऱ्या बाजूला एक शिपाई आला, त्याच्या हातात भाला, आणि भाल्याच्या टोकाशी घोड्यावरून कोलमडत असलेला एक बिचारा. पडता पडताही बिचाऱ्यानं एक हात वर केला होता. सगळ्याच्या भोवती कडेकडेनं परकी, इंग्रजीसारखी अक्षरं होती. अक्षरांत मोकळी जागा नाही, विरामचिन्ह नाही, कुठे शब्द संपतो आणि कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही. वेलांटीरावांचा उजवा हात आपोआप लाल पेनाकडे गेला. त्यांनी तो महत्प्रयासानं मागे घेतला आणि शहाण्यासारखं एक काम केलं. नाण्यावर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल फिरवली आणि दोन्ही बाजूंचा ठसा उतरवून घेतला. मग त्यांनी अक्षरं एकेक करून वाचली. 'फेलटेम्परेपातारियो.'

दुसऱ्या दिवशी इमारतीत ज्याच्या त्याच्या तोंडी नाणंच होतं. ड्रेनेजबद्दल लोक तावातावानं बोलत, पण बघायला कुणी जात नसे. नाण्याचं उलट होतं, सगळे बघायला आले आणि प्रत्येकानं आपापलं ज्ञान पाजळलं.

दाताच्या डॉक्टरांनी अक्षरं वाचली आणि खांदे उडवले. "यात अवघड काय आहे? फेल. टेम्पररी. रिपेअर. तात्पुरती दुरुस्ती अयशस्वी. मी रोज केसपेपरवर हेच लिहितो."

"डॉक्टर, हे नाणं आहे."

"मग प्लंबरचं असेल. त्याच्याच कामाचा अहवाल आहे."

हा अर्थ परिस्थितीला इतका चपखल बसत होता, की वेलांटीरावांनाही क्षणभर मोह पडला.

दुसऱ्या मजल्यावरच्या विमा एजंटांनी चित्राची बाजू घेतली. "हा घोड्यावरून पडलाय. सरळसरळ अपघात आहे."

"आणि हा भालेवाला?"

"हा कंपनीचा माणूस. दावा नामंजूर करायला आलाय." एजंटांच्या आवाजात एवढा अनुभव होता, की कुणी पुढे विचारलं नाही.

लग्नं जमवणाऱ्या काकूंनी घोडेस्वाराकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांनी डोक्याला पट्टी बांधलेला माणूस चष्म्याखालून निरखला. "नाक बरं आहे. घराणंही चांगलं दिसतंय. पण भाऊजी, फोटो एकाच बाजूनं काढलाय ना, मग दुसऱ्या बाजूला नक्की काहीतरी असणार. मी अशी स्थळं पुढे जाऊ देत नाही."

एवढं सगळं ऐकल्यावर दुसऱ्या कुणीही ते नाणं खिशात घातलं असतं आणि खड्ड्यात पाइप टाकून घेतला असता. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सुचवलंही. "साहेब, खात्याला कळवू नका. सरकारी माणूस एकदा खड्ड्यात उतरला की खड्डा सरकारचा होतो."

"पण नियम आहे," वेलांटीराव म्हणाले. तो नियम त्यांनी स्वतः तपासून छापला होता. मसुद्यात होतं, 'जमिनीत सापडलेली प्राचीन वस्तू तात्काळ कळवावी.' त्यातल्या 'तात्काळ'चा काना त्यांनी स्वतःच्या हातानं उडवला होता. ज्या नियमाचं 'तत्काळ' आपण केलं, तो मोडायचा कसा? त्यांनी पुरातत्त्व खात्याला पत्र धाडलं.

खातं यायला वेळ लावील अशी सगळ्यांना खात्री होती. सरकारी खात्यानं लोकांचा अपेक्षाभंग करायचाच असतो, म्हणून ते दोनच दिवसांत हजर झालं. नाणे विभागाच्या अधिकारी बाई स्वतः आल्या, बरोबर पिवळ्या फितीचं भेंडोळं घेऊन एक शिपाई. बाई बारीक अंगाच्या, निवृत्तीला टेकलेल्या. त्यांनी सगळी नोकरी कपाटांतल्या नाण्यांच्या पाकिटांवर क्रमांक घालण्यात काढली होती आणि त्यांना एकदाही स्वतःचं म्हणावं असं उत्खनन मिळालं नव्हतं. त्यांनी भिंग डोळ्याला लावलं, नाणं फिरवलं आणि त्यांचे गाल लाल झाले.

"रोमन," त्या म्हणाल्या. "शेवटच्या काळातलं. फेल टेम्प रेपारातियो!"

हे त्यांनी इतक्या भरभर म्हटलं, की वेलांटीरावांना अक्षरं नीट ऐकू आली नाहीत.

"म्हणजे काय हो बाई?" काकूंनी विचारलं.

"सुखाचे दिवस परत आले."

मागच्या अंगणात, तुंबलेल्या पाण्याच्या काठावर, नाकाला रुमाल लावून उभी असलेली मंडळी एकमेकांकडे बघायला लागली.

"म्हणजे तेव्हा फार सुख होतं?" एजंटांनी विचारलं.

"छे हो. सरहद्दीवर हल्ले, घरात भाऊबंदकी, बाजारात महागाई. दिवस वाईट आले की सरकार असंच छापतं. मागच्या बाजूचा पट्टीवाला तो सम्राट, हा शिपाई म्हणजे साम्राज्य. हा पडलेला म्हणजे शत्रू. आपण किती जोरात आहोत हे लोकांच्या खिशात घालून ठेवायचं."

वेलांटीरावांना हे ताबडतोब पटलं. असली वाक्यं त्यांनी आयुष्यभर तपासली होती. फक्त भाल्याचं चित्र तेवढं अलीकडे देत नाहीत.

बाईंनी नाणं एका पाकिटात घातलं, पाकिटावर क्रमांक घातला आणि शिपायानं खड्ड्याभोवती पिवळी फीत बांधली. "आता इथे कुणी हात लावायचा नाही. ही समुद्रमार्गे आलेल्या रोमन व्यापाऱ्यांची वखार असू शकते. कदाचित खजिन्याची कचेरी."

"आणि ड्रेनेज?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाणी तर मुळीच सोडू नका. ओलाव्यानं अवशेष खराब होतात."

"आमचे अवशेष कुठे सोडायचे?" डॉक्टर म्हणाले. पण तोवर बाई गाडीत बसल्या होत्या.

पुढचे दिवस आठवले तरी वेलांटीरावांच्या बायकोला आजही घाम फुटतो. सगळी इमारत आंघोळीला नातेवाइकांकडे जायला लागली. ज्यांच्याशी वर्षानुवर्षं अबोला होता, त्यांच्या दारात लोक टॉवेल घेऊन उभे राहिले. वेलांटीराव बायकोच्या बहिणीकडे जात. तिचा नवरा दार उघडताना रोज एकच वाक्य म्हणे, "या, सुखाचे दिवस परत आले." वेलांटीराव हसून आत जात. आंघोळीसाठी माणूस काय काय सोसतो.

त्यात नगरपालिकेच्या आरोग्य विभागाची नोटीस आली. 'तुंबलेली वाहिनी त्वरित मोकळी करावी, अन्यथा कारवाई करण्यात येईल.' वेलांटीराव नोटीस घेऊन नगरपालिकेत गेले.

"साहेब, पुरातत्त्व खातं म्हणतं खड्ड्याला हात लावू नका."

टेबलामागचा कारकून म्हणाला, "मग हात न लावता मोकळी करा."

"ते कसं करायचं?"

"ते आमच्या विभागात येत नाही."

ते पुरातत्त्व खात्यात गेले. तिथले कारकून म्हणाले, "परवानगी मिळेल. आरोग्य विभागाचं ना-हरकत पत्र आणा." ते परत नगरपालिकेत आले. तिथे कळलं, की वाहिनी मोकळी असल्याशिवाय ना-हरकत देता येत नाही. वेलांटीरावांनी खुर्चीचा हात घट्ट धरला आणि विचारलं, "हे वाक्य तुम्ही परत एकदा वाचून बघता का? यात काहीतरी चूक आहे." कारकुनानं वाचून बघितलं. त्याला चूक सापडली नाही. व्याकरणदृष्ट्या खरोखरच नव्हती.

आता इमारतीतले लोक वेलांटीरावांना जिन्यात गाठून चावतील असं वाटत असतानाच एक चमत्कार झाला. वर्तमानपत्रात आलं, 'इमारतीखाली रोमन खजिना?' ते प्रश्नचिन्ह कुणी बघितलंच नाही, एक वेलांटीराव सोडले तर. दुसऱ्या दिवसापासून लोक फीत बघायला यायला लागले. डॉक्टरांनी दवाखान्याच्या पाटीवर 'ऐतिहासिक परिसर' असं घालून घेतलं. एजंट येणाऱ्याजाणाऱ्याला पुराचा आणि भूकंपाचा विमा विकायला लागले. काकूंनी तर कमालच केली. "स्थळ साधंसुधं नाही हो," असं त्या फोनवर सांगताना वेलांटीरावांच्या बायकोनं स्वतःच्या कानांनी ऐकलं. "मुलगा रोमन खजिन्यावर राहतो."

ज्या तोंडांनी शिव्या दिल्या त्याच तोंडांनी आता "सेक्रेटरीसाहेबांची नजरच वेगळी" असं सुरू झालं. वेलांटीरावांना आयुष्यात कुणी नजरेबद्दल नावाजलं नव्हतं. मुद्रितशोधकाचं काम चोख झालं की त्याचं नाव कुठेच येत नाही. चूक राहिली तरच येतं. त्यामुळे बाईंचा फोन आला तेव्हा त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

"आम्ही मोठा फलक लावतोय. उत्खननाला मंजुरी जवळजवळ मिळालीय. फलकावर तुमचं नाव आहे, शोधक म्हणून. मजकूर पाठवते. तुम्ही छापखान्यातले, तेव्हा एकदा नजर फिरवा."

मजकूर आला. वेलांटीरावांनी जेवणाचं टेबल पुसून घेतलं, दिवा जवळ ओढला आणि आधी स्वतःचं नाव वाचलं. ते बिनचूक होतं. मग त्यांनी ते आणखी थोडा वेळ वाचलं. मग सवयीप्रमाणे, कुठे एखादी वेलांटी निसटलीय का म्हणून, मजकूर अक्षरागणिक तपासत ते नाण्याच्या ओळीशी आले आणि थांबले.

फलकावर होतं 'रेपारातियो'.

त्यांनी कपाटातून पेन्सिलीचा ठसा काढला. ठशावर होतं 'रेपातारियो'. 'र' आणि 'त' यांची अदलाबदल. छापखान्यात अशी चूक रोज होते.

"फलक चुकला," ते आनंदानं म्हणाले आणि लाल पेन उघडलं. पण खात्री केल्याशिवाय खूण करायची नाही हा धंद्याचा धर्म. ते ग्रंथालयात गेले आणि जुन्या नाण्यांवरचं जाडजूड पुस्तक काढून बसले. फलक बरोबर होता. असल्या प्रत्येक नाण्यावर 'रेपारातियो'च होतं. चूक नाण्याची होती. बाईंनी नाण्यावर जे होतं ते वाचलंच नव्हतं. वर्षानुवर्षं जे पाठ होतं तेच वाचलं होतं. हा रोग वेलांटीरावांच्या ओळखीचा होता. शिकलेल्या माणसाला तो लवकर जडतो.

तिथपर्यंत ठीक होतं. पण पुढच्याच पानावर लिहिलं होतं, की खरी नाणी कमी पडली की लोक गुपचूप घरीच नाणी पाडत. पाडणाऱ्याला वाचता येत नसे, म्हणून तो अक्षरं चित्रासारखी उतरवी आणि ती उलटसुलट होत. थोडक्यात, अक्षरं चुकलेलं नाणं बहुधा बनावट. वखार, खजिना आणि कचेरी या सगळ्यांचा निकाल त्या दोन अक्षरांनी लावला होता.

वेलांटीराव घरी आले. बायकोनं चहा पुढे ठेवला, तो निवला. शेवटी त्यांनी सगळं सांगितलं.

"मग? कुणाला कळणार आहे?" बायको म्हणाली.

"कुणालाच नाही."

"बाईंना?"

"त्यांना तर मुळीच नाही. त्यांना ते पाठ आहे."

"मग गप्प बसा की. नाव लागेल तुमचं."

"बसतो," वेलांटीराव म्हणाले आणि उठून येरझारा घालायला लागले. टेबलापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून टेबलापर्यंत. दर फेरीला फलकाचा मजकूर दिसे आणि दर फेरीला त्यांचा हात लाल पेनाकडे जाई.

बायकोनं ठशाचा कागद उचलला. एवढ्या दिवसांत इमारतीनं, खात्यानं आणि वर्तमानपत्रानं त्या चित्राचा अर्थ लावला होता. तिला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

"हा खाली पडलेला आहे ना," ती म्हणाली, "हा शत्रू नाही काही. हा मुद्रितशोधक आहे."

"काय?"

"बघा की नीट. पोटात भाला घुसतोय, घोडा गेला, तरी हात वर करून सांगतोय, 'अहो, थांबा, तिथे एक अक्षर चुकलंय.'" तिनं कागद खाली ठेवला. "जा. सांगून या. नाहीतर रात्रभर खोलीत फिराल, आणि मला सकाळी बहिणीकडे आंघोळीला जायचंय. झोप हवी."

बाईंच्या खोलीत पाकिटांचे ढीग होते आणि भिंतीवर उत्खननाचा नकाशा नुकताच टाचला होता. वेलांटीरावांनी ठसा आणि मजकूर शेजारीशेजारी ठेवले आणि पेनाच्या टोकानं आधी 'र' दाखवला, मग 'त' दाखवला. बोलले काहीच नाहीत. छापखान्यातही ते असंच दाखवत. चूक करणाऱ्याचा अपमान कमी होतो.

बाईंनी पाकीट उघडलं. भिंग डोळ्याला लावलं. या वेळी त्यांनी अक्षरं एकेक करून वाचली.

"मी शिकवलंय हे मुलांना," त्या अखेर म्हणाल्या. "आधी अक्षरं बघा, मग अर्थ लावा."

"होतं असं."

"तुम्ही गप्प राहिला असतात तर फलक लागला असता."

"हो. आणि मी रोज त्याच्यासमोरून गेलो असतो," वेलांटीराव म्हणाले.

बाई हसल्या, पण ते हसू काही फार टिकलं नाही. त्यांनी नकाशाची एकेक टाचणी काढून डबीत टाकली. "मला वाटलं होतं, जाता जाता एक तरी मिळेल," असं त्या नकाशाला म्हणाल्या, वेलांटीरावांना नव्हे. त्या दिवशी घरी येताना वेलांटीरावांना पहिल्यांदाच वाटलं, की काही चुका राहू द्याव्यात. त्यांनी तो विचार लगेच झटकून टाकला. असले विचार मुद्रितशोधकाला परवडत नाहीत.

खात्यानं 'स्थळाला पुरातत्त्वीय महत्त्व नाही' असं कळवलं आणि शिपाई येऊन फीत सोडून घेऊन गेला. आता इमारत वेलांटीरावांना डोक्यावर घेईल अशी एखाद्या भोळ्याची समजूत होईल. इमारतीनं तातडीची सभा बोलावली.

"बनावट?" डॉक्टर कडाडले. "मी पाटीवर रंगवून घेतलंय, 'ऐतिहासिक परिसर'!"

"इतिहास आहेच," वेलांटीराव म्हणाले. "खोटी नाणी पाडणाऱ्यांचा आहे."

"भाऊजी, तेच तर!" काकूंनी कपाळाला हात लावला. "काल मुलीकडच्यांचा फोन आला. 'ती खोटी नाणी पाडणाऱ्यांची इमारत तुमचीच ना?' म्हणून. जमलेलं लग्न मोडलं हो."

"ते दीड हजार वर्षांपूर्वी—"

"लोक एवढा हिशेब करत नाहीत," एजंट म्हणाले. "जोखीम ती जोखीम."

"पण आता ड्रेनेज दुरुस्त होईल!"

ड्रेनेजसारखा क्षुद्र विषय या वेळी काढावा, हे कुणालाच आवडलं नाही. ठराव एकमतानं मंजूर झाला, की सचिवांनी इमारतीची बदनामी केल्यामुळे त्यांना पदमुक्त करावं आणि त्यांच्या जागी डॉक्टरांना घ्यावं. वेलांटीरावांनीही बाजूनं हात वर केला. ठराव बिनचूक लिहिला होता, आक्षेप कशाला घ्यायचा?

प्लंबर परत आला. खड्ड्याच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "हे सरकारनं बिघडवून ठेवलंय." त्यानं पाइप टाकला, जोड बसवले आणि खड्डा बुजवण्याआधी तळाशी सिमेंट ओतायला घेतलं. वेलांटीराव काठावर उभे होते. पद नव्हतं, पण देखरेखीची सवय जडली होती.

सिमेंट कालवता कालवता प्लंबर वाकला. मातीच्या भिंतीतून त्यानं बोटानं काहीतरी उकरून काढलं, विजारीवर घासलं आणि वर धरलं. "साहेब, तुमचं आणखी एक बटण."

वेलांटीरावांनी ते तळहातावर घेतलं. हे मोठं होतं, जाड होतं आणि मातीतून अगदी स्वच्छ निघालं होतं. शिपाई, भाला, घोडा, पडणारा माणूस. त्यांनी कडेकडेनं अक्षरं वाचली. मग पुन्हा, बोट फिरवून, एकेक अक्षर सुटं करून वाचली. जिथून ते निघालं होतं तिथे मातीत तसल्याच हिरव्या कडा एकावर एक रचल्यासारख्या दिसत होत्या.

"आता मी सचिव नाही," ते प्लंबरला म्हणाले. "नव्या सचिवांना बोलाव."

डॉक्टर हातमोजे न काढताच बाहेर आले. आत एक रोगी तोंड उघडून बसला होता. बऱ्याच दिवसांनी एक रोगी तोंड उघडून बसला होता. डॉक्टरांनी नाणं बघितलं. मग मातीतल्या हिरव्या कडा बघितल्या. मग मान वर करून इमारतीकडे बघितलं. एकेका मजल्यावरच्या न्हाणीघराच्या खिडकीत एकेक डोकं होतं, कुणाच्या खांद्यावर टॉवेल, कुणाच्या हातात बादली.

डॉक्टरांनी नाणं खड्ड्यात टाकलं.

"ओत सिमेंट," ते म्हणाले.

प्लंबरनं घमेलं उचललं. मग डॉक्टर वेलांटीरावांकडे वळले आणि त्यांनी थोड्या भीतीनंच विचारलं, "तुम्हाला काही म्हणायचंय का?"

सगळ्या खिडक्यांनी श्वास रोखला.

वेलांटीरावांनी तोंड उघडलं. पण त्या नाण्यावर 'रेपारातियो' असंच होतं, 'र' जिथल्या तिथे आणि 'त' जिथल्या तिथे. एकही चूक नव्हती. आणि चूक नसली तर मुद्रितशोधकानं म्हणायचं तरी काय?

"नाही," ते म्हणाले, आणि घमेलं रिकामं झालं.